एकोणपन्नासनंतर नोंदवहीतून गळणाऱ्या बायकांबद्दल: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



पेण तालुक्यात मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य साहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. धरमतरच्या खाडीकाठची खारेपाटातली गावं, वडखळ, गडब, डोलवी, तिकडे नागोठणं-रोह्यापर्यंतच्या बायका यांच्या चुलीपर्यंत माझं जाणं-येणं राहिलं. अजूनही त्या मला 'सिस्टर' म्हणतात, बाजारात थांबवतात आणि भाजीच्या पिशव्या खाली ठेवून दुखणी सांगतात. त्यातलं एक दुखणं आमच्या कुठल्याच नोंदवहीत बसत नव्हतं. म्हणून हे पत्र.

उपकेंद्रात आमची मुख्य वही असायची ती पात्र जोडप्यांची. १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक विवाहितेचं नाव तिच्यात. कितवी खेप, तांबी कधी बसवली, ऑपरेशन कधी झालं, हिमोग्लोबिन किती, सगळं आम्हाला तोंडपाठ. या वहीने बाळंतपणात दगावणाऱ्या कितीतरी बायका वाचवल्या, हे मी अभिमानाने सांगते. पण ज्या वर्षी बाई पन्नाशीत शिरते त्या वर्षी तिचं नाव त्या वहीतून गळतं. तिला मूल होणार नाही, तेव्हा तिच्या पाळीशी, पिशवीशी, अंडाशयाशी यंत्रणेचं देणंघेणं संपतं. भारतातल्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७च्या सुमाराला जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणजे आमची बाई लवकर त्या टप्प्यावर येते आणि त्यानंतर तिला अजून पंचवीस-तीस वर्षं जगायचं, राबायचं असतं.

हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगते. आषाढ संपत आलेला, मूर्तींचं रंगकाम जोरात. डोळ्यांच्या आखणीला एक बाई बसलेली, वय ४७, हात इतका सराईत की मालक महत्त्वाच्या मूर्ती तिच्याकडेच देतो. डोळ्याची रेघ एका दमात ओढावी लागते. अर्ध्यावर हात थांबला तर रेघ जाड होते आणि मूर्तीची मुद्राच बदलते. ती रेघ ओढता ओढता थांबली, कुंचला पाण्यात टाकला आणि पडवीत जाऊन पदराने वारा घेऊ लागली. छातीपासून कपाळापर्यंत लाल झालेली, मानेवरून घामाच्या धारा. पाच मिनिटांत सगळं ओसरलं आणि तिला थंडी वाजू लागली. दिवसातून दहा-बारा वेळा असं होतं, म्हणाली. रात्री तर दोनदा चोळी बदलावी लागते. झोप नाही, म्हणून दिवसभर चिडचिड. चिडचिड होते म्हणून सुनेशी बोलाचाली. तिने डॉक्टरला दाखवलं होतं. एकाने टॉनिक दिलं, दुसऱ्याने झोपेची गोळी, तिसरा म्हणाला, वय झालं, हे व्हायचंच. तिच्या नणंदेने ठाण्याहून फोनवर बजावलं होतं, हार्मोनच्या गोळ्या अजिबात घेऊ नकोस, कॅन्सर होतो.

मंत्रिमहोदय, आमच्या भागातल्या बाईच्या कानावर या विषयात एवढंच पडतं: सोसा, नाहीतर कॅन्सर होईल. अलीकडे त्यात तिसरा आवाज मिसळला आहे. शहरातल्या जाहिराती सांगतात की हार्मोन घ्या, कातडी तुकतुकीत राहील, वय थांबेल. या तिन्हींतलं काहीच तिच्या उपयोगाचं नाही. तिला हवं असतं कुणीतरी समोर बसून तिचं वय, तिचा रक्तदाब, तिची पिशवी आहे की काढली, आईला-बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हे विचारणारं, आणि मग तिच्यापुरतं उत्तर देणारं.

कॅन्सरची भीती आली कुठून, ते नीट सांगायला हवं, कारण ती भीती निराधार नाही आणि जेवढी पसरली तेवढी खरीही नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत इस्ट्रोजेन हे कायम तरुण राहण्याचं औषध म्हणून खपवलं गेलं. १९७५ साली दिसून आलं की पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देणं बंधनकारकच झालं. पुढे १९९०च्या दशकात 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा प्रचंड अभ्यास सुरू झाला. त्याच्या एका भागात पिशवी असलेल्या १६,६०८ बायका होत्या. साधारण निम्म्यांना दोन्ही हार्मोनची एकत्र गोळी, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. जुलै २००२मध्ये हा भाग मुदतीआधी थांबवला आणि जगभर मथळे झळकले की स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. एका रात्रीत डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिणं सोडलं.

ते २६ टक्के म्हणजे काय, हे कुणी त्या बायकांना समजावून सांगितलं नाही. दहा हजार बायकांनी एक वर्ष औषध घेतलं असं धरा. औषध न घेणाऱ्यांत ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. पक्षाघात २१च्या जागी २९, हृदयविकार ३०च्या जागी ३७, फुप्फुसात गुठळी ८च्या जागी १६. उलट बाजूला खुब्याचं हाड मोडणं १५वरून १०वर आलं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर १६वरून १०वर. स्तनाचा कॅन्सर झालेल्या त्या जास्तीच्या आठ जणींचं आयुष्य क्षुल्लक आहे असं मी कधीही म्हणणार नाही. पण मथळा वाचून घाबरलेल्या बाईला हा हिशोब कळायला हवा होता. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्या, नुकतीच पाळी गेलेल्या, घामाने रात्र काढणाऱ्या बाईसाठी हा अभ्यास मुळात आखलेलाच नव्हता. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन देणारा दुसरा भाग २००४मध्ये थांबवला, तो पक्षाघातामुळे. स्तनाचा कॅन्सर त्यात वाढलेला नव्हता, पुढच्या वर्षांत तो उलट कमी आढळला. २०१७ साली याच बायकांचा अठरा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या एकूण मृत्यूंत फरक नव्हता.

त्या अभ्यासात दिलेलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं होतं. आज आपल्या अंडाशयात तयार होतं तेच इस्ट्रॅडिऑल गोळीत मिळतं, जेलमध्ये मिळतं. जेल दंडाला किंवा मांडीला चोळलं की ते कातडीतून थेट रक्तात जातं, यकृतातून आधी जावं लागत नाही, आणि गुठळ्यांचा धोका त्यात वाढलेला आढळत नाही. आता जाणकार वैद्यकीय संस्थांचं मत बऱ्यापैकी जुळतं: वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास खरोखर मोठा, आणि मनाई करणारं कारण नाही, अशा बाईला हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त. ज्या बाईला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला, हृदयविकार किंवा पक्षाघात झाला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली, यकृताचा आजार चालू आहे, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं आणि त्याची तपासणी झालेली नाही, तिला नाही. एकत्र हार्मोन जितकी वर्षं घ्याल तितका स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा थोडा वाढत जातो, म्हणून वर्षातून एकदा बसून पुन्हा हिशोब मांडायचा: त्रास किती उरला, मात्रा कमी करता येईल का, थांबवायचं का. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरची ठळक इशाऱ्याची चौकट काढण्याचं जाहीर केलं, आणि ती बातमी लगेच इथल्या मोबाइलवर 'आता काहीच धोका नाही' अशी फिरली. तेही खरं नाही. तराजूचं एक पारडं वीस वर्षं जड धरलं, म्हणून आता दुसऱ्यात सगळं ओतायचं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी बायका मलाही पदर तोंडावर धरून सांगत. पाळी गेल्यावर योनिमार्ग कोरडा पडतो, आग होते, नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं, लघवीला जळजळ पुन्हा पुन्हा होते. अशा बाईला वर्षातून चार-चार वेळा अँटिबायोटिकचा कोर्स मिळतो. तिला पुष्कळदा पुरतं ते इस्ट्रोजेनचं मलम, अगदी कमी मात्रेचं, जिथे लागतं तिथेच लावायचं. रक्तात ते नावापुरतं उतरतं. बाळंतपणाच्या खोलीत आम्ही कुठलीही लाज बाळगली नाही, मग याच्यात कसली? हे मलम ग्रामीण दवाखान्यात मिळायला हवं, इतकी साधी मागणी मी कधी कुणाच्या तोंडून सभेत ऐकली नाही.

आता त्या बायकांकडे वळते ज्यांची पाळी गेली नाही, काढून घेतली गेली. बीड जिल्ह्याचं प्रकरण आपल्या खात्याला चांगलं ठाऊक आहे. २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडे आले: सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्याही आतल्या. पाळीमुळे कामाचा खाडा पडतो, खाड्याचा दंड मुकादम कापतो, पांढरं जातं म्हटलं की कॅन्सरची भीती घातली जाते, आणि टेबल तयारच असतं. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याचे नियम लागू करायला सांगितलं. पुढे पिशवी काढू नका यावर जोर आला, तो यायलाच हवा होता. पण ज्यांची काढून झाली त्यांचं काय, हे कुणी विचारलं? अंडाशयंही काढली असतील तर पस्तिशीच्या बाईला एका दुपारी पाळी गेलेली बाई करून घरी पाठवलेलं असतं. हळूहळू उतरणारं इस्ट्रोजेन तिचं एका दिवसात संपतं. तिची हाडं दहा-बारा वर्षं आधी झिजायला लागतात, हृदयाचा धोका आधी वाढतो. अशा बाईला, मनाईचं कारण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावेत असं सगळे जाणकार सांगतात. तिच्या शरीराला जे मिळायलाच हवं होतं तेच परत देणं आहे ते. ६३ वर्षांच्या अमेरिकन बायकांचे आकडे तिला लागू होत नाहीत. तरीही 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' या एका वाक्याने तिलाही अडवलं जातं.

आमच्याकडे ऊस नाही, मुकादम नाही. पण अंग बाहेर येतं म्हणून, रक्तस्राव थांबत नाही म्हणून, कधी नुसतं 'पुढे त्रास नको' म्हणून पिशवी काढलेल्या बायका खाडीच्या दोन्ही अंगांना आहेत. त्या आपली कागदं प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवतात. मी ती पिशवी उघडून पाहायचे. आतल्या कार्डावर 'टीएएच' अशी तीन अक्षरं, म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं. पुढे 'बीएसओ' लिहिलं असेल तर दोन्ही अंडाशयंही काढली. एखाद्या कार्डावर पुढची तीन अक्षरं पुसट, एखाद्यावर लिहिलेलीच नाहीत. बाईला विचारलं तर उत्तर एकच: सगळं काढलं, सिस्टर. सगळं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरेल की सोबत दुसरं लागेल, तिची अंडाशयं अजून काम करतात का, तिच्या हाडांची काळजी आजपासून घ्यायची की दहा वर्षांनी, हे सगळं कार्डावरच्या त्या अक्षरांवर अवलंबून असतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगाने दखल घेतली: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. बायका बोलत नाहीत म्हणून आजार नाही, हा समज महाराष्ट्रातल्याच दोन खेड्यांनी खोडून काढला. पाळी गेलेल्या बायकांच्या बाबतीत तो समज आमच्या यंत्रणेत अजून शाबूत आहे.

आता काय करता येईल ते लिहिते, आणि मी आतली असल्यामुळे काय सहज जमेल तेही मला माहीत आहे.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघरी जाऊन एक तपासणी-यादी भरतात. तिच्यात बायकांसाठी प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर अंगावरून जातं का. चांगले प्रश्न आहेत, जीव वाचवणारे आहेत. त्यातच शेवटची पाळी कधी आली, पिशवी काढली का, अंगातून वाफा येऊन झोपमोड होते का, लघवीला पुन्हा पुन्हा जळजळ होते का, एवढं जोडलं की आशाताईला नवी वही लागणार नाही. मानधन मात्र जोडून द्यावं, कारण त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ कामं फुकटात टाकलेली आहेत.

सरकारी रुग्णालयांत रजोनिवृत्ती क्लिनिक हा शब्द आता वर्तमानपत्रांत दिसू लागला आहे. मनापासून आनंद वाटतो. पण ते क्लिनिक जिल्ह्याच्या ठिकाणी थांबलं तर खारेपाटातल्या बाईला त्याचा उपयोग थोडा. पेणहून अलिबाग तीस-एक किलोमीटर. वडखळला उतरायचं, मिनीडोर किंवा एसटी धरायची, धरमतरचा पूल ओलांडायचा, रांगेत उभं राहायचं, परत यायचं: एक दिवसाची मजुरी गेली. रोह्याच्या पलीकडची बाई तर निघतच नाही. ती 'अंगावर काढते'. पेण आणि रोहा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. आठवड्यातला एक ठरलेला दिवस तिथे या बायकांसाठी असावा, बाजाराचा दिवस असेल तर उत्तम. रक्तदाब, साखर, वजन, स्तनांची तपासणी, गरज असेल तिथे सोनोग्राफी, आणि मॅमोग्राफीसाठी लागेल तेव्हाच जिल्ह्याला चिठ्ठी. औषधांच्या यादीत इस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन आणि ते मलम असावं. ज्यांना हार्मोन देता येत नाहीत त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी दुसरी औषधं आहेत, तीही असावीत. आणि प्रत्येकीला, औषध मिळो न मिळो, हाडांबद्दल सांगावं. आमच्या बायका तांदळाच्या भाकरीवर जगतात. नाचणी आणि काट्यासकट खायची बारीक मासळी ताटात हवी, आणि थोडं ओझं उचलणारा व्यायाम हवा, हे सांगणाऱ्या नर्सला त्यासाठी वेळ मिळायला हवा.

एक विनंती मात्र हात जोडून करते. याचं उद्दिष्ट ठरवू नका. मी कुटुंबनियोजनाच्या आकड्यांचा काळ पाहिला आहे. मार्चअखेर इतकी ऑपरेशनं, इतक्या तांब्या, नाहीतर पगार थांबेल. १९९६ साली उद्दिष्टं उठली तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला, आणि बायकांनीही. उद्या 'तालुक्यात इतक्या महिलांना हार्मोन थेरपी' असा तक्ता आला तर ज्यांना देऊ नये त्यांनाही गोळ्या दिल्या जातील आणि पहिली गुठळी झाली की सगळंच बंद पडेल. मोजायचंच असेल तर किती बायकांना पुरेसा वेळ समोर बसवून समजावून सांगितलं ते मोजा. त्यातल्या एखादीने सगळं ऐकून 'नको, मी अशीच काढीन' म्हटलं तर तो तिचा निर्णय, आणि तोही यशातच धरा.

शेवटची गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. शासन निर्णय एका पानाचा निघावा. गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर, रुग्णालय सरकारी असो की खाजगी, घरी सोडतानाच्या कार्डावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं: पिशवी काढली, डावं अंडाशय ठेवलं की काढलं, उजवं ठेवलं की काढलं, का काढलं, आणि बाई पंचेचाळीसच्या आतली असेल तर हार्मोनबद्दल तिच्याशी काय बोलणं झालं. बाईची आणि डॉक्टरची, दोघांची सही. त्या निर्णयाची प्रत प्रत्येक उपकेंद्रात लागावी. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या उपकेंद्रांत ती आशाताईंना वाचून समजावून द्यायला मी स्वतः येईन, मानधन नको. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य साहाय्यिका
पेण, जि. रायगड